डाव्या आसनाविषयी हरकत

प्रति,
मा. विमानयोग्यता निरीक्षण अधिकारी,
हौशी व स्वनिर्मित हवाई याने कक्ष,
विभागीय कार्यालय.

विषय : स्वनिर्मित दोन आसनी हेलिकॉप्टरच्या पहिल्या उड्डाणास दिलेली परवानगी, डाव्या आसनाच्या आराखड्यातील दोषामुळे तातडीने थांबवणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे परवानगीपत्र, गेल्या सोमवारी पोहोचलेले.
२) ‘मागच्या गल्लीतील एक रहिवासी’ यांचे यापूर्वीचे हरकत अर्ज.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही सदर हेलिकॉप्टर बांधणाऱ्या गृहस्थांची पत्नी आहे. बाजारात त्यांना सगळे पंखेवाले म्हणतात. जळालेल्या मोटारी आणि पंखे नव्याने भरून देण्याचे त्यांचे दुकान आहे. तारेची वेटोळी अर्जदार भरते, जोडणी ते करतात. हेलिकॉप्टर दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांधले गेले. ते सांगाड्याच्या अवस्थेत होते तेव्हापासून बाजाराने त्याची यथेच्छ टिंगल केली. पंखेवाल्याने या वेळी पंखा बसवला, फक्त छत लावायचं विसरला, असे समोरचा चष्मेवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. पुढे इंजिन पहिल्यांदा सुरू झाले, शेडचे पत्रे थडथडले, तसे चष्मेवाल्याने आपल्या काचेच्या कपाटांना खालून लाकडी ठोकळे लावून घेतले.

२. संदर्भ क्र. २ मधील रहिवासी म्हणजे अर्जदारच होय. घराला पुढे बाजारात एक दार आहे आणि मागे गल्लीत एक. अर्जदाराने मागच्या दाराचा पत्ता दिला. त्यात खोटे काही नव्हते, पण खरे बोलण्याचे धाडसही नव्हते. हरकतीची प्रत नाव झाकून दुसऱ्या बाजूस पाठवावी असा आपला नियम असल्याने ते सर्व अर्ज पुढच्या दाराने पुन्हा घरात आले. आवाजाविरुद्धच्या हरकतीवर आपण आवाज कमी करण्याचा आदेश दिलात. पतींनी धुराच्या नळीला नवा डबा जोडला आणि त्यामुळे इंजिनाची थरथरही कमी झाली. शेपटीकडचा लहान पंखा माणसाच्या मानेच्या उंचीवर फिरतो ही हरकत घेतली, तर त्यांनी तिथे नळ्यांचे कुंपण बसवले आणि आपण ते पाहून समाधान नोंदवलेत. शेडचे दार यंत्रापेक्षा अरुंद आहे असे कळवले, तर एका दुपारी त्यांनी भिंतच पाडली. शेवटी काही सुचेना तेव्हा फिरत्या पात्यांच्या सावलीने डोके गरगरते असा अर्ज केला. सावली या कक्षाच्या कार्यक्षेत्रात येत नाही, असे उत्तर आले.

प्रत्येक अर्जाबरोबर यंत्र अधिक चांगले होत गेले. पती तर त्या अनोळखी हरकतदारावर खूश आहेत. ‘हा मागच्या गल्लीतला माणूस भेटला पाहिजे एकदा,’ असे ते जेवताना म्हणतात, ‘त्याने माझ्या चुका काढल्या नसत्या तर मंजुरी कसली मिळते.’ अर्जदार पानात भात वाढत राहते. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणे म्हणजे काय, हे तिला त्या ताटाशी बसून चांगले कळले आहे. यापुढे नाव लपवून हरकत घेणे तिने सोडले आहे.

३. आता मूळ मुद्दा. पतींचा कामाचा एक नियम आहे, आणि आपण पाहणीस आलात तेव्हा तो त्यांनी आपणासही ऐकवला होता : जे बंद पडू शकतं, ते दोन बसवायचं. म्हणून या यंत्रात इंधनाचे पंप दोन आहेत. ठिणगी देणारे संच दोन आहेत, आणि एकाची तार दुसऱ्याच्या जवळूनही जात नाही. इंजिनाची ताकद वर नेणारे पट्टे दुहेरी आहेत. एक तुटला तर दुसरा ओढून नेतो. आपण मान डोलावलीत. ‘विचार पक्का आहे,’ असे आपण बरोबरच्या लेखनिकाला म्हणालात. त्यानंतर दोन आसने आणि दोन्हीकडे उडवण्याचे संपूर्ण सामान आपणास दाखवण्यात आले : गुडघ्यांमधला दिशेचा दांडा, डाव्या हाताशी वरखाली होण्याची दांडी, पायाशी पेडल. दुहेरी सामान शिकवण्यासाठी, असे पतींनी सांगितले आणि आपण तसे लिहून घेतलेत.

त्याच वेळी आपण एका लाल मुठीवर बोट ठेवले होते. ती डाव्या आसनाच्या कडेला, मांडीच्या खाली आहे. ओढली की उजवीकडचा दांडा यंत्रापासून सुटतो आणि नुसता लोंबकळतो. ही कशासाठी, असे आपण विचारलेत. देखभालीसाठी, असे उत्तर मिळाले. आपण पुढच्या बाबीकडे वळलात.

महोदय, अर्जदार त्या वेळी चहा घेऊन दारात उभी होती. आपण आणखी एक प्रश्न विचाराल म्हणून तिने कप हातातच धरून ठेवले होते. उजव्या आसनावर चालक बसतो. चालकाचा हात त्या मुठीपर्यंत पोहोचत नाही; अर्जदाराचा पोहोचतो, कारण तिचा हात मोजूनच ती मूठ तिथे लावली आहे. ज्याच्या हातात यंत्र आहे त्याच्या हातून ते काढून घेण्याची सोय, आणि तीही शेजारच्याच्या हाताशी, कोणता माणूस स्वतः होऊन करतो?

४. जो स्वतः बंद पडू शकतो तो करतो.

अर्जदाराचे पती लहानपणापासून आकडीचे रुग्ण आहेत. घरात तो शब्द कोणी उच्चारत नाही. सासूबाई होत्या तेव्हापासून त्याला ‘लाईट जाणे’ असे म्हणतात, आणि विजेचे काम करणाऱ्याच्या घरात ते परक्याला खटकतही नाही. कधी महिनोन्‌महिने काही होत नाही. मग एखाद्या दुपारी हातातले पकड-पान्हे खाली पडतात, उजवा अंगठा तळहातात वळतो, अंग लाकडासारखे ताठ होते आणि थोड्या वेळाने सैल पडते. शुद्धीवर आले की ते पहिल्यांदा आजूबाजूला पाहतात, गिऱ्हाईक नाही ना म्हणून.

त्यांना कोणी सायकल शिकवली नाही. पोहायला जाऊ दिले नाही. या बाजारातला जवळजवळ प्रत्येक पंखा त्यांच्या दुकानातून गेला आहे, पण ते आजवर एकदाही स्टुलावर चढलेले नाहीत. शिडीवर अर्जदार चढते, ते खाली उभे राहून कुठली तार कुठे ते सांगतात. बायकोला वर चढवून हा खालून शेळ्या हाकतो, असे लोक तोंडावर म्हणतात. ते हसतात. भित्रा म्हटलेले त्यांना चालते, आजारी म्हटलेले चालत नाही. आपल्याकडे दाखल केलेल्या वैद्यकीय दाखल्यात डोळे, कान, रक्तदाब सर्व उत्तम आहे आणि ते खरेही आहे. डॉक्टरांनी आणखी काही त्रास आहे का असे विचारले तेव्हा पतींनी नाही म्हटले. मागे बाकावर अर्जदार बसली होती. तिला कोणी विचारले नाही.

ज्याला जन्मभर जमिनीवरून दोन फूट उठू दिले नाही, त्याला आभाळ का हवे हे अर्जदारास समजते. हे लिहिताना तिला त्यांचा राग येत नाही, ही बाबही कृपया नोंदवून घ्यावी.

५. अर्जदाराला हा आराखडा कधी समजावून सांगितला गेला नाही. तो हळूहळू तिच्या अंगवळणी पाडला गेला. आधी आसनासाठी तिची उंची घेतली. मग स्वयंपाकघरात दोन खुर्च्या शेजारी मांडल्या, तिच्या गुडघ्यांमध्ये लाटणे दिले, डाव्या हाताशी झाडूचा दांडा बांधला आणि खुर्चीखाली कपाटाची जुनी मूठ ठोकली. गंमत म्हणून सुरू झाले. ते शेजारच्या खुर्चीवर बसून वाऱ्याचे, उंचीचे आकडे बोलत आणि मध्येच ‘लाईट गेली’ म्हणून मान टाकत. तेवढ्यात तिने मूठ ओढायची, लाटणे धरायचे आणि इंजिनही थांबले असेल तर झाडूचा दांडा खाली दाबायचा. हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा, हे आपणास सांगायला नको. तो दांडा ताबडतोब खाली गेला तर खालून येणाऱ्या हवेवर वरची पाती फिरत राहतात आणि यंत्र तरंगत उतरते. उशीर झाला तर पाती मंदावतात. एकदा मंदावली की ती पुन्हा वेग धरत नाहीत, मग आत कितीही हुशार माणूस बसलेला असो.

खुर्चीवर अर्जदार एकदाही चुकली नाही. ‘माझ्यापेक्षा तुझा हात साफ आहे,’ असे ते म्हणत. मुलगी माहेरपणाला आली होती, ती दारात उभी राहून पोट धरून हसली. अर्जदारही हसली. त्या वेळी यंत्र शेडमध्ये चादरीखाली होते आणि पाते दाराच्या फटीतल्या वाऱ्याने किंचित हलत होते.

६. गेल्या महिन्यात सराव प्रत्यक्ष यंत्रात सुरू झाला. इंजिन बंद, बूड जमिनीला साखळीने बांधलेले, दोघांच्या कमरेचे पट्टे कसलेले. एके सकाळी ते उंचीचे आकडे बोलता बोलता थांबले. अर्जदाराने अंगठा वळलेला पाहिला. ते नाटक नव्हते.

महोदय, त्यांचे डोके दाराच्या लोखंडी चौकटीवर आपटत होते. अर्जदाराने दोन्ही हातांनी ते धरले, छातीशी घेतले आणि ते सैल पडेपर्यंत सोडले नाही. दिशेचा दांडा तिच्या गुडघ्यांमध्ये होता, तिला तो आठवलाही नाही. डाव्या हाताची दांडी वरच राहिली. त्यांच्याकडे वळताना तिच्या स्वेटरची बाही त्या लाल मुठीत अडकली आणि मूठ ओढली गेली. एवढेच घडले.

शुद्धीवर आल्यावर पतींनी आजूबाजूला पाहिले. मग त्यांना ओढलेली मूठ दिसली. आपल्या समोरचा दांडा त्यांनी बोटाने हलवून पाहिला, तो सुटा लोंबकळत होता. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले, ते अर्जदाराने मुलीच्या जन्माच्या वेळीसुद्धा पाहिले नव्हते. कपाळातून रक्त येत होते आणि ते हसत होते.

तिने त्याच दिवशी त्यांना खरे सांगितले, की मूठ तिने ओढली नाही, बाहीने ओढली. ते शांतपणे म्हणाले, ‘पण निघाली ना? यंत्राला हेतू कळत नाही गं. त्याला नुसतं ओढलं की पुरतं.’

आणि दांडी? ती खाली गेली नाही, असे तिने विचारले.

‘येईल सवयीने.’

दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपल्याकडे पहिल्या उड्डाणाची मागणी केली आणि ‘प्रशिक्षित सहाय्यक’ म्हणून अर्जदाराचे नाव लिहिले.

७. अर्जदार शिकलेली बेताचीच आहे आणि हवेचे गणित तिला येत नाही. परंतु पतींचाच नियम घेऊन ती आराखड्यातील दोष पुढीलप्रमाणे निदर्शनास आणते. दुसरा पंप पहिल्याला ओळखत नाही. पहिला बंद पडला की तो त्याच्याकडे वळून पाहत नाही, आपले काम करतो, म्हणूनच तो उपयोगाचा. ठिणगीच्या दोन तारा एकमेकींपासून मुद्दाम लांब नेल्या आहेत. सगळ्या यंत्रात दोन आसनांवरची ही एकच जोडी अशी आहे, की तीत पहिला भाग पडला की दुसरा स्वतःचे काम टाकून त्याला सावरायला धावतो. सवय लागेल म्हणता? लग्न झाल्यापासून जी लागली तीच सवय आहे ही. ती लाटण्यावर मोडली नाही, यंत्रात मोडली नाही, आणि आकाशात मोडेल असे मानण्यास अर्जदाराजवळ कोणतेही कारण नाही. असा भाग आपण पंपाच्या जागी मंजूर केला असता का?

८. मग तू बसू नकोस म्हणजे झाले, असे कोणीही म्हणेल. अर्जदाराने ते करून पाहिले. तिने नाही म्हणताच पती म्हणाले की ते धाकट्याला घेतील. धाकटा म्हणजे अर्जदाराचा दीर, मालट्रक चालवतो, भावासाठी आगीतही उडी घेईल. तो कामानिमित्त कायम बाहेर. घरातली लाईट जाते ती कुठली, हे त्याला नीटसे ठाऊक नाही. लहान होता तेव्हा दादा पडतो एवढेच त्याने पाहिले, आणि पुढे ते बरे झाले असे त्याला सांगण्यात आले. अर्जदाराने त्याला फोन करून इतकेच विचारले, ‘भाऊजी, तुम्हाला ते चालवता तरी येईल का?’ तो म्हणाला, ‘वहिनी, दादा शेजारी आहे की. मला कशाला चालवता यायला पाहिजे?’

त्याला दोन लहान मुले आहेत.

९. सबब अर्जदाराची विनंती पुढीलप्रमाणे आहे.

अ) संदर्भ क्र. १ ची परवानगी तातडीने थांबवावी आणि पतींची वैद्यकीय तपासणी आपल्या डॉक्टरांकडून करवून घ्यावी.

आ) ते कार्यपद्धतीत बसत नसल्यास अर्जदारास सहाय्यक म्हणून अपात्र ठरवावे, आणि डाव्या आसनावर दुसऱ्या कोणासही, विशेषतः रक्ताच्या नात्यातील व्यक्तीस, मनाई करावी.

इ) यंत्र मोडीत काढू नये. साखळीने जमिनीला बांधून इंजिन चालवण्याची कायम मुभा द्यावी. पाती फिरली की अंगाखालचे यंत्र थोडे हलके होते, साखळ्या ताणल्या जातात. ते आपले आकडे बोलत बसतील. अर्जदार शेजारी बसायला आनंदाने तयार आहे, रोज म्हणाल तर रोज.

ई) यातले काहीच शक्य नसल्यास, येत्या रविवारी, म्हणजे पतींनी उड्डाण ठरवले आहे त्या दिवशी, वारा आहे असे आपल्या कार्यालयाने लेखी कळवावे. असे पत्र देण्याची आपल्याकडे प्रथा नसेल, याची अर्जदारास जाणीव आहे. पण परवानगीपत्रात ‘वारा नसताना’ अशी अट आपणच घातली आहे, आणि पतींचा आपल्या शिक्क्यावर स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास आहे. शेडच्या टोकाला त्यांनी जुन्या पायजम्याचा एक पाय कापून वाऱ्याची पिशवी म्हणून टांगला आहे. आज सकाळपासून तो सरळ खाली लोंबतो आहे. ते दर थोड्या वेळाने बाहेर येऊन त्याच्याकडे पाहतात आणि आत जातात. साखळीच्या कड्या त्यांनी काल सोडवल्या.

१०. या अर्जाची प्रत नियमाप्रमाणे पतींना मिळेल. या वेळी नाव झाकण्याची आवश्यकता नाही. मागच्या गल्लीतला हुशार माणूस कोण, हे त्यांना कळेल, आणि ज्या गोष्टीसाठी त्यांनी आयुष्यभर भित्रा म्हणवून घेतले ती आता सरकारी कागदावर आली, हेही कळेल. त्यानंतर ते अर्जदाराशी बोलतील असे तिला वाटत नाही. त्यांना आकाश पुन्हा कोणी देणार नाही. ते तिने हिरावून घेतले हे त्यांचे म्हणणे खरेच असेल. अबोला अर्जदार सोसेल. त्यासाठी समोर माणूस असावा लागतो, एवढेच तिचे मागणे आहे.

अर्ज ती स्वतः आपल्या कार्यालयात आणून देत आहे, कारण टपाल सोमवारी उघडले जाते.

रविवारी सकाळपर्यंत आपला आदेश आला नाही, तर दिराला त्या यंत्राजवळ फिरकू न देण्याचा अर्जदारास एकच मार्ग उरतो. ती डाव्या आसनावर बसलेली असेल. लाल मूठ तिच्या मांडीखाली असेल, दांडा गुडघ्यांमध्ये, आणि उतरवणारी दांडी डाव्या हाताशी. वर गेल्यावर लाईट गेली, तर तिचे दोन्ही हात कुठे असतील हे आपणास आता माहीत आहे.

आपल्या शिक्क्याची वाट पाहणारी,

(सही)
पंखेवाल्यांची पत्नी व प्रशिक्षित सहाय्यक

दिनांक : शुक्रवार, कार्यालय बंद होण्यापूर्वी.

सोबत : १) परवानगीपत्राची प्रत.
२) आराखड्यातील डाव्या आसनाच्या भागावर पातळ कागद ठेवून गिरवलेला नमुना, मूठ लाल पेन्सिलीने दाखवली आहे.